मोजणी मागायची, पण कुठली?

गेल्या अंकात सातबारा कसा वाचायचा ते लिहिलं होतं आणि त्यावर जी पत्रं, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले ते बघितले तर जवळजवळ सगळे मोजणीवरच. कुणाचा बांध कोरलाय, कुणाला वाटणी पाहिजे, कुणाच्या रानातून हायवे चाललाय, कुणी हद्दवाढ भागात प्लॉट घेतलाय. आणि शेवटी सगळ्यांचं एकच, "सर मोजणी करायचीय, काय करावं लागंल?" मी भूमी अभिलेख खात्यात ३२ वर्षं भूकरमापक म्हणून काढली, सोलापूर जिल्ह्यातल्या पाच तालुक्यांतली रानं तुडवली, त्यामुळं हे ठामपणे सांगतो की मोजणी ही एक गोष्ट नाहीच. हद्द कायम वेगळी, पोटहिस्सा वेगळी, बिनशेती वेगळी, भूसंपादनाची वेगळी, गावठाणातली वेगळी. अर्जात मोजणी कशासाठी पाहिजे ते लिहायचं असतं आणि नेमकं तेच लोक ऑफिसबाहेरच्या टायपिंगवाल्यावर सोडतात, मग महिनोन्‌महिने थांबून हातात नकाशा येतो आणि ज्या कामाला पाहिजे होता त्या कामाचाच नसतो. म्हणून या वेळचा सगळा कॉलम यालाच.

प्रश्न (मोहोळ तालुक्यातले एक शेतकरी): सर माझ्या सातबाऱ्याला १ हेक्टर ६२ आर आहे. शेजारी दरवर्षी नांगरताना बांध कोरत कोरत आत यायलाय. मी मोबाईलच्या अ‍ॅपवर कडेनं चालत मोजलं तर ३ गुंठे कमी भरायलंय, शेजारी म्हणतोय तुझा सातबाराच चुकीचा असंल. त्यात २०२५ च्या सप्टेंबरात सीनेचं पाणी आलं त्यात बांधच गेला. खासगी सर्व्हेअर बोलावू का सरकारी? आणि मोजणी झाली की जमीन ताब्यात मिळते का?

उत्तर: भाऊ, आधी ते मोबाईलचं डोक्यातनं काढा. मोबाईलचा जीपीएस उघड्या रानात पण ३ ते ५ मीटर इकडंतिकडं दाखवतो. तुमचा १६० मीटरचा एक बांध धरा, तो अ‍ॅपमध्ये ३ मीटर सरकला तर ४८० चौरस मीटरचा फरक पडला, म्हणजे पावणेपाच गुंठे. तुम्हाला कमी दिसलेत ३. म्हणजे तुमची जमीन खरंच कमी असंल किंवा नसंल पण, त्या अ‍ॅपवरून भांडायला जाऊ नका.

दुसरं, सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, रेष नसते. तुमचा बांध कुठून जातो हे सातबारा सांगतच नाही. ते सांगतं टिपण. मूळ मोजणीच्या वेळी शेताचं हातानं काढलेलं रेखाटन म्हणजे टिपण, त्याच्यावर मधल्या रेषेपासून प्रत्येक कोपरा किती अंतरावर ते साखळी आणि आण्यात लिहिलेलं असतं. ही साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ गुणिले ३३ केलं की १०८९ चौरस फूट येतात, आणि तोच आपला गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. त्या टिपणावरून क्षेत्र काढलेलं गुणाकार बुक असतं, प्रत्येक नंबरचं क्षेत्र आणि सारा लिहिलेला आकारबंद असतो, आणि तुमच्या गावात एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबरचे गट झाले असतील तर त्याचं योजनापत्रक आणि गट नकाशा असतो. अर्ज करायच्या आधी या सगळ्याच्या नकला काढा आणि सातबाऱ्याचं क्षेत्र आकारबंदाशी जुळतंय का ते स्वतः बघा. पुष्कळ वेळा शेजाऱ्यानं काहीच केलेलं नसतं, कागदाचाच कागदाशी मेळ नसतो, मग ते काम मोजणीनं नाही तर रेकॉर्ड दुरुस्तीनं होतं.

कागद जुळत असतील तर तुम्हाला हवी ती हद्द कायम मोजणी. ती सरकारीच पाहिजे. खासगी सर्व्हेअरची मशीन तितकीच चांगली असते, कधी कधी जास्त चांगली, पण त्याचा नकाशा शेजाऱ्यानं मानला तरच चालतो, नाही मानला तर तो तुमच्यापुरता कागद. हद्द कायममध्ये लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस जाते. भूकरमापक येऊन आधी वहिवाट मोजतो, म्हणजे आज कोण कुठपर्यंत कसतो ते, त्याबरोबर विहीर, मोठी झाडं, जुने दगड असल्या पक्क्या खुणा घेतो, मग त्यावर टिपण बसवतो आणि अभिलेखाप्रमाणं हद्द कुठून जाते ते जागेवर दाखवतो. नंतर मोजणीचा जो नकाशा मिळतो, त्याला क प्रत म्हणतात, त्यात एका रेषेनं वहिवाट आणि दुसऱ्या रेषेनं हद्द दाखवलेली असते. दोन रेषांच्या मधे जे राहतं ते तुमचं भांडण.

पुरानं बांध गेला म्हणून हद्द जात नाही. माती वाहून गेली असंल पण टिपणातली मापं तशीच आहेत. अशा वेळी चांगला भूकरमापक लांबून सुरुवात करतो, जिथं पाणी पोचलं नाही तिथले शाबूत कोपरे, शेजारच्या गटाच्या खुणा, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड. आता जीएनएसएस रोव्हर आलेत, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणारी यंत्रं, ते कॉर्स स्टेशनच्या, म्हणजे कायम एका जागी बसवलेल्या संदर्भ केंद्राच्या, आधारानं काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा देतात, काम झटपट होतं, पण रोव्हरला तुमची हद्द माहीत नसते हो, ती त्याला जुन्या दगडानंच सांगावी लागते.

एक प्रसंग सांगतो. सीनेकाठच्याच एका गावात दोन चुलतभावांचं रान मोजायला गेलो होतो, दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, एक पूर्वेच्या बांधावर बसलेला, दुसरा पश्चिमेच्या. दोघांच्याही मते दगड दुसऱ्यानं उपटून टाकलेला. टिपणाप्रमाणं कोपरा येत होता तो एका जुन्या बाभळीच्या बुंध्यातच. मी म्हटलं इथं खणा. दीड फूट खाली कुदळ खणकन वाजली, मुळीनं पूर्ण वेटोळं घातलेला घडीव दगड तिथं होता. कुणीच उपटला नव्हता, झाडानं गिळला होता. दोघं येऊन त्या खड्ड्याच्या कडेला बसले आणि हातानं माती काढायला लागले. म्हणून म्हणतो मोजणीच्या दिवशी स्वतः हजर रहा, सोबत गावातलं एखादं म्हातारं माणूस ठेवा आणि एक कुदळ ठेवा.

आणि हो, रान मोकळं पाहिजे. ऊस उभा असला की काही दिसत नाही, मोजणी लांबते नाहीतर उरकली जाते. ज्वारी काढल्यावर, म्हणजे मार्चपासून पाऊस पडेपर्यंतचा काळ चांगला, त्या हिशोबानं अर्ज आधीच टाका. फी क्षेत्रावर ठरते आणि नियमित का द्रुतगती यावर ठरते. खुणा दाखवल्या की त्याच दिवशी दगड रोवा, नुसता चुना मारून ठेवू नका, पहिल्या पावसात जातो.

ताब्याचं विचारलंय. मोजणीनं ताबा मिळत नाही. अतिक्रमण निघालं आणि शेजारी समजुतीनं सरकला तर उत्तम, पंचांसमोर लिहून घ्या. नाही सरकला तर जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये हद्दीच्या वादासाठी कलम १३५ आहे आणि हद्द ठरल्यावर चुकीचा ताबा काढण्यासाठी १३८, नाहीतर दिवाणी कोर्ट. या सगळ्याला क प्रत लागते, म्हणून मोजणी आधी.

प्रश्न (बार्शीच्या एक वाचक): काका, वडील जाऊन तीन वर्षं झाली. आम्ही दोन भाऊ आणि मी, तिघांची वारस नोंद झालीय, ६ एकर आहे. मोठा भाऊ म्हणतोय मोजणी बोलावू आणि तीन भाग करू. मोजणीवाले येऊन भाग करून देतात का?

उत्तर: ताई, नाही देत. वाटप कुणाला किती आणि कुठलं हे मोजणीवाला ठरवत नाही, तो ठरलेलं वाटप जमिनीवर उतरवतो. त्याला पोटहिस्सा मोजणी म्हणतात. तिघांची सहमती असंल तर तहसीलदाराकडं जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज करा किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करा, मग पोटहिस्सा मोजणी, मग आकारफोड, म्हणजे क्षेत्र आणि साऱ्याची फोड, होऊन प्रत्येकाचा वेगळा पोटहिस्सा आणि वेगळा सातबारा. सहमती नसंल तर दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा, हुकूमनामा झाला की तो जिल्हाधिकाऱ्यांकडं जातो आणि त्याप्रमाणं जी होते ती कोर्टवाटप मोजणी. तुमचा हिस्सा भावांइतकाच आहे, २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी पण जन्मानं सहहिस्सेदार आहे, तेव्हा मोजणीच्या अर्जाबरोबर आणखी कुठला कागद सहीला पुढं आला तर तो घरी आणून वाचा, हक्क सोडल्याचा कागद तर नाही ना ते बघा.

मी यातलं दुखणं जवळून बघितलंय. आमच्याच घरात माझ्या वडिलांनी आणि चुलत्यांनी दोरी लावून रान वाटून घेतलं, मोजणी नाही, कागद नाही, विहीर चुलत्यांच्या बाजूला गेली आणि पाण्याची पाळी तोंडी ठरली. सहा वर्षं चाललं. एका वर्षी पाणी कमी पडलं आणि पाळी मोडली. आमच्या चार एकरांतली ज्वारी हुरड्यात येता येता वाळली, आई बांधावर बसून रडत होती ते मला अजून दिसतं, आणि पुढची वीस वर्षं दोन घरांत चहा सुद्धा गेला नाही. मी या खात्यात आलो त्याला ते एक कारण आहे.

म्हणून तुम्ही २-२ एकर भागायच्या आधी तिघं रानात उभं राहून तीन गोष्टी ठरवा. विहीर कुणाच्या हिश्श्यात आणि पाण्याची पाळी कशी, मागच्या हिश्श्याला गाडीरस्ता कुठून आणि किती रुंद, आणि खालच्या काळ्या रानाच्या बदल्यात वरचं मुरमाड घेणाऱ्याला काही गुंठे जास्त द्यायचे का. भूकरमापक क्षेत्र मोजतो, जमिनीचा कस मोजत नाही. हे सगळं वाटणीपत्रात लिहा आणि रस्ता पोटहिस्सा नकाशात दाखवून घ्या, नाहीतर पुढं त्या रस्त्यासाठी पुन्हा तहसीलच्या पायऱ्या झिजवायच्या.

प्रश्न (अक्कलकोट तालुका): आमच्या गावातनं सुरत-चेन्नई ग्रीनफिल्ड रस्ता जातोय. संयुक्त मोजणी म्हणजे काय, ती झाली असंल तर आपण वेगळी मोजणी मागायची का?

उत्तर: संयुक्त मोजणीत हद्दीचा वाद सोडवत नाहीत, रस्त्यात तुमचं किती क्षेत्र जातंय आणि त्यावर काय काय उभं आहे ते मोजतात. भूसंपादन ऑफिस, रस्त्याचे लोक आणि भूमी अभिलेखचा भूकरमापक एकत्र येतात म्हणून संयुक्त. सगळा पैसा या कागदावर ठरतो. विहीर, बोअर, झाडं, शेड, ठिबक, कंपाऊंड जे असंल ते त्या यादीत आलंच पाहिजे. सगळ्यात जास्त काय सुटतं माहितीय का, जमिनीखालची पाईपलाईन, कारण ती दिसत नाही. तिचं बिल दाखवा, व्हॉल्व्ह दाखवा, एका ठिकाणी उकरून दाखवा पण लिहून घ्या. झाडांची संख्या मोजताना सोबत फिरा, डाळिंबाची ओळ न ओळ मोजा. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात पहिली अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला २१ दिवस असतात, तेवढ्यात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं कुठंच राहत नाही.

संपादन झाल्यावर कमी-जास्त पत्रक होतं, त्याला खात्यात कजाप म्हणतात, आणि तुमचं उरलेलं क्षेत्र सातबाऱ्यावर येतं. तेव्हा मात्र उरलेल्या तुकड्याची हद्द कायम करून घ्या, कारण रस्ता मधून गेला की एका गटाचे दोन तुकडे होतात आणि पलीकडचा तुकडा हळूहळू दुसऱ्याच्या नांगराखाली जातो.

प्रश्न (जुळे सोलापूर): शेळगीकडं १५०० चौरस फुटांचा प्लॉट बघितलाय. एजंट म्हणतोय मोजणी झालेली आहे, नकाशा पण दाखवला. घेऊ का?

उत्तर: कुठली मोजणी झालीय ते विचारा. पूर्ण गटाची हद्द कायम झालेली असते आणि त्यावर पेन्सिलनं प्लॉट पाडलेले असतात, असा नकाशा मी कितीदा बघितलाय. तुम्हाला बघायचाय तो मंजूर लेआऊट, त्याप्रमाणं झालेली बिनशेती मोजणीची क प्रत, आणि कजाप होऊन प्लॉटचा स्वतंत्र उतारा निघालाय का ते. शहराच्या जुन्या पेठांमध्ये सिटी सर्व्हे आहे, तिथं सातबारा नाही, प्रॉपर्टी कार्ड चालतं आणि क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं. हद्दवाढ भागात बऱ्याच ठिकाणी अजून सातबाराच, आणि एकेका सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं. अशा सातबाऱ्यात १५०० फूट तुमचे असतात पण ते कुठले १५०० हे कुठंच लिहिलेलं नसतं. गुंठेवारीचा २००१ चा कायदा आहे, पण आधी घ्यायचं आणि मग नियमित करत बसायचं यात सामान्य माणसाची हाडं खिळखिळी होतात. लेआऊट नसंल तर माझं उत्तर नाही असंच आहे.

प्रश्न (सिव्हिल डिप्लोमाचा विद्यार्थी, सोलापूर): सर, आम्हाला टोपोग्राफिक, कॅडस्ट्रल, जिओडेटिक असे प्रकार शिकवतात. तुमच्या कामाशी याचा संबंध काय?

उत्तर: बाळा, खूप छान विचारलंस, संबंध आहेच. मी आयुष्यभर जे केलं ते कॅडस्ट्रल, म्हणजे कुणाचं कुठपर्यंत. टोपोग्राफिक म्हणजे जमीन कशी आहे, चढ कुठं, उतार कुठं, ओढा कुठून जातो. तुझ्या गावात शेततळं घ्यायचंय, बांधबंदिस्ती करायचीय, कॅनॉलची चारी काढायचीय तर हद्दीचा नकाशा काहीच कामाचा नाही, तिथं समपातळी रेषा लागतात. उजनीचं पाणी कुठल्या रानात आपोआप चढतं आणि कुठं नाही हे लेव्हल घेऊनच ठरतं. आणि हे काम खासगी सर्व्हेअरकडून बिनधास्त करून घ्यावं, त्याला सरकारी शिक्का लागत नाही. शहराचा विकास आराखडा करताना आधी जमिनीचा आजचा वापर काय आहे त्याचा सर्व्हे होतो, तो आणखी वेगळा.

जिओडेटिक म्हणजे पृथ्वी गोल आहे हे धरून केलेली मोजणी. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माऊंटपाशी पायारेषा मोजून सुरुवात केली, त्रिकोणावर त्रिकोण जोडत देश मापत वर निघाला आणि १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, तिथून पुढं ते काम जॉर्ज एव्हरेस्टनं नेलं. त्यांना हे घर कुणाचं, ते रान कुणाचं याच्याशी देणंघेणं नव्हतं, देशाचा सांगाडा पाहिजे होता. आणि साधारण त्याच काळात शेतसाऱ्यासाठी वेगळी मोजणी चालू झाली. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याची पुण्याकडची पहिली मोजणी फसली, मापं चुकीची, सारा भरमसाट, लोक रानं टाकून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमाराला इंदापूरपासून नव्यानं मोजायला घेतलं, टेंभुर्णी ओलांडलं की लागतं तेच इंदापूर, आणि आपली टिपणं, आकारबंद ही सगळी त्याच पद्धतीची लेकरं. दोन्ही मोजण्या जवळजवळ दोनशे वर्षं वेगवेगळ्या चालल्या. आता रोव्हरमुळं क प्रतीवर अक्षांश-रेखांश यायला लागलेत म्हणजे लॅम्बटनचा सांगाडा आणि विंगेटचं शेत पहिल्यांदा एका कागदावर येतंय. हे तुझ्या पिढीचं काम आहे. टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजायचं यंत्र, शिकच, पण टिपण वाचायला पण शिक, ते वाचता येणारी माणसं कमी होत चाललीत.

प्रश्न (पंढरपूर तालुका): मोजणी झाली पण ती चुकीची आहे असं आम्हाला वाटतं. पुन्हा त्याच ऑफिसात अर्ज करायचा का?

उत्तर: पुन्हा साधा हद्द कायमचा अर्ज करू नका, निमताना मोजणी मागा. निमताना म्हणजे झालेल्या मोजणीची वरिष्ठानं केलेली तपासणी, ती तालुक्याचे उपअधीक्षक करतात, आणि तीही मान्य नसंल तर जिल्हा अधीक्षकांकडं सुपर निमताना. पण 'चुकीची वाटते' एवढं पुरत नाही, कुठल्या कोपऱ्याची खूण कुठल्या टिपणाशी जुळत नाही ते लिहा. दावा कोर्टात असंल तर कोर्ट कमिशनर नेमून मोजणी होऊ शकते, ते वकिलाकडून मागा.

प्रश्न (दक्षिण सोलापूर): गावठाणातल्या घराची मोजणी करायचीय, सातबारा नाही, ग्रामपंचायतीचा ८ नंबर, म्हणजे घरपट्टीचा उतारा, आहे फक्त.

उत्तर: गावठाण पूर्वी बहुतेक ठिकाणी मोजलंच गेलं नव्हतं, गाव नकाशावर नुसता एक पांढरा ठिपका असायचा. त्यासाठीच ड्रोन सर्व्हे आला, आपल्या राज्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात आधी करून बघितला आणि २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना म्हणून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर चालू झाला. यात घराचं प्रॉपर्टी कार्ड मिळतं. तुमच्या गावाचं झालंय का ते ग्रामपंचायतीत विचारा. झालं नसंल तर दवंडी आली की त्या दिवशी कुणीतरी घरी थांबा, ड्रोन उडायच्या आधी घराच्या चारी बाजूला चुना मारतात, त्यात परसातली मोरी, जनावरांचा गोठा आणि पुढचा ओटा धरला का ते बघा आणि बोळाचा वाद असंल तर शेजाऱ्याला समोर उभं करूनच ती रेष मारून घ्या.